सहावीत ॲक्सिलरेटेड मॅथ घ्यावं का? अल्जेब्रा १ आठवीत की नववीत? (अमेरिकेतले पालक, जरा मदत करा)

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास), ईस्ट बे साइडला. लेक पाचवीत आहे, ऑगस्टपासून मिडल स्कूल. डिस्ट्रिक्टकडून ईमेल आलीय की सहावीला दोन रस्ते आहेत. एक साधं मॅथ ६. दुसरं कॉम्पॅक्टेड, म्हणजे सहावी आणि अर्धी सातवी एका वर्षात, पुढच्या वर्षी उरलेली सातवी आणि अख्खी आठवी, आणि मग आठवीत गेल्यावर अल्जेब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स. त्यासाठी मे महिन्यात प्लेसमेंट टेस्ट.

नवरा म्हणतो यात विचारायचं काय, घ्यायचंच, आपण सातवीत समीकरणं सोडवायचोच की. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नुसता धुमाकूळ आहे, आत्ता नाही घेतलं तर बारावीत कॅल्क्युलस नाही, कॅल्क्युलस नाही तर इंजिनिअरिंगला चांगलं कॉलेज नाही, म्हणजे दहा वर्षांच्या पोरीचं करिअर मे महिन्यातच ठरतंय असं वाटायला लागलंय.

लेक गणितात बरी आहे, पण वेडी वगैरे नाही. पाढे फास्ट. अपूर्णांकांच्या भागाकारात 'दुसरा उलटा करून गुणायचं' हे बाबाने शिकवलंय ते करते, का विचारलं की खांदे उडवते. आता नवऱ्याने रविवारी समीकरणं सुरू केलीत, 'बरोबरच्या पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' पद्धतीने. उत्तरं येतात बऱ्याचदा.

तर प्रश्न असा की टेस्ट द्यायला लावू का, आणि अल्जेब्रासाठी मूल तयार आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

बारामतीकर

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या वरती. इथे २०२३ ला कायदाच झाला, सिनेट बिल २१२४. पाचवीच्या स्टार परीक्षेत (टेक्सासची राज्य परीक्षा) गणितात वरच्या ४० टक्क्यांत मूल आलं की शाळेने त्याला आपणहून सहावीच्या ॲडव्हान्स्ड मॅथमध्ये टाकायचं, म्हणजे आठवीत अल्जेब्रा १ करता येईल असं. पालकांना नको असेल तर तसं कळवून बाहेर पडता येतं. आधी उलटं होतं, ज्या आईबापांना सिस्टिम माहीत ते मागे लागून मुलाला घालायचे, ज्यांना माहीत नाही त्यांचं मूल हुशार असूनही राहून जायचं.

आमचा मुलगा सातवीत आहे त्याच ट्रॅकवर, व्यवस्थित चाललंय. माझं मत सरळ आहे, संधी मिळतेय तर घ्या. खाली उतरता येतं, मागाहून वर चढणं अवघड.

टवाळ

आमच्या आज्याला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. कुठली प्लेसमेंट टेस्ट नि कुठलं काय. पोरीला पंधरा दिवस आज्याकडे पाठवा.

(दिवा घ्या. पण सातवीच्या स्कॉलरशिपला मी तीन वेळा पेपर वाचूनही प्रश्न कळले नव्हते हे खरं. मधे २०१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली होती म्हणे.)

गुलबक्षी

रानजाई, स्वागत. मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला गणित शिकवते, आठवीचा अल्जेब्रा १ आणि सातवीचा एक वर्ग. त्यामुळे हे मूल तयार आहे का, हा प्रश्न दरवर्षी टेबलावर येतो आणि दरवर्षी पालकांशी तेच बोलणं होतं, तेव्हा जरा लांबलचक लिहिते.

आधी एक गोष्ट सुटी करून घ्या. कॉम्पॅक्ट करणं वेगळं आणि स्किप करणं वेगळं. तुमच्या डिस्ट्रिक्टने लिहिलंय त्यात तीन वर्षांचं दोन वर्षांत बसवलंय, काही गाळलेलं नाही, हे चांगलं आहे. काही ठिकाणी सातवी संपली की सरळ अल्जेब्रा १ मध्ये ढकलतात आणि आठवी उडवतात. तसं असेल तर मी चारदा विचार करीन, कारण कॉमन कोअर (बऱ्याच राज्यांनी घेतलेला सामाईक अभ्यासक्रम) २०१० ला आलं तेव्हा जुन्या अल्जेब्रातला बराच भाग खाली आठवीत आला. स्लोप (रेषेचा चढ), दोन समीकरणांची जोडी, फंक्शन म्हणजे काय, पायथागोरस, घातांकांचे नियम, हे सगळं आता आठवीचं आहे. ते न करता आलेलं मूल सप्टेंबरात माझ्या वर्गात बसतं तेव्हा हुशारी असून भांबावलेलं असतं.

आता तयारी. लोकांना वाटतं की एक्स सोडवता येतो का ते बघायचं. मी एक्स काढतच नाही. पहिला प्रश्न कागदावर असा लिहून द्या:

८ + ४ = ☐ + ५

आणि गप्प बसा. काही सुचवू नका. खूप मुलं १२ लिहितात, काही १७. कारण पहिलीपासून त्यांनी '=' चं चिन्ह 'आता उत्तर लिहा' असंच वाचलंय. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा अर्थ डोक्यात गेलेलाच नसतो. हेच मूल वहीत ३ + ४ = ७ × २ = १४ असं लिहितं आणि त्याला काही खटकत नाही. अशा मुलाला समीकरण शिकवणं म्हणजे नुसत्या हातचलाख्या शिकवणं.

दुसरं, अपूर्णांक. यावर भरपूर अभ्यास झालाय. २००८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल मॅथेमॅटिक्स ॲडव्हायझरी पॅनेलने अल्जेब्राच्या आधी काय पक्कं हवं यात अपूर्णांकांवर सगळ्यात जास्त बोट ठेवलं. २०१२ मध्ये सीगलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडचा डेटा तपासला, तर दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती कळतो त्यावरून सोळाव्या वर्षीचं अल्जेब्रा कसं असेल याचा चांगला अंदाज येतो असं निघालं, आणि घरची कमाई, मुलाची एकूण हुशारी हे सगळं हिशोबात धरल्यावरही.

त्यामुळे तुमच्या लेकीचे ते उडवलेले खांदे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तिला विचारा की पाऊण कपात, एका कपाच्या आठव्या भागाएवढे किती चमचे मावतील. चित्र काढून ६ सांगितलं तर छान. मग अवघड विचारा, पीठ अर्धा कप आहे, एका घाण्याला पाऊण कप लागतं, तर किती घाणे होतील? एकापेक्षा कमी येणार हे तिला करण्याआधीच कळायला हवं. उलटा करून गुणलं की दोन तृतीयांश येतंच, पण 'दोन तृतीयांश काय?' या प्रश्नाला 'घाणा' हे उत्तर आलं पाहिजे. 'कप' आलं तर अजून काम बाकी आहे.

उरलेलं रात्री लिहिते, पालकसभा आहे.

रानजाई

गुलबक्षीताई, खूपच आभार. जेवताना नॅपकिनवर ते ८ + ४ लिहून दिलं. १२. आणि वर 'मग हा + ५ कशाला दिलाय, उगीच?' असं म्हणाली. नवरा बघतच राहिला कारण रविवारीच तिने ५एक्स + ३ = १८ बिनचूक सोडवलं होतं. पिठाचा प्रश्न अजून विचारला नाही, एका दिवसात एवढंच.

सुलभाताई

रानजाई, मी साताऱ्याकडे हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झाले, लेकाकडे डेन्वरला आलेय म्हणून या धाग्यात डोकावले. तुझ्या नवऱ्याला रागावू नकोस पण ते 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' जरा बाजूला ठेवायला सांग. आमच्याकडे नववीत बीजगणित आणि भूमिती असे वेगळे पेपर, ४०-४० मार्कांचे, आणि नववीच्या पहिल्या चाचणीत मी काय बघायची? ३एक्स = १२. पोरगं ३ पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं, आणि एक्स बरोबर ९ लिहितं. १२ मधून ३ गेले की ९. त्याच्या दृष्टीने त्याने नियम पाळला. दुसरा एक हुशार, त्याने भागाकार केला आणि चिन्हही बदललं, उणे ४! कुणाचीच चूक म्हणता येत नाही कारण चिन्ह बदलतं एवढंच सांगितलेलं, कुठलं चिन्ह आणि का हे कुणी सांगितलंच नाही.

सातवीत आम्ही तराजू काढायचो. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढा, सारखंच टाका, काटा हलत नाही. यात एक गंमत आहे ती कुणी सांगत नाही, उणे संख्या आली की तराजू फसतो. उणे तीन किलो पारड्यात ठेवणार कसं? म्हणून तराजू दोन-चार दिवसच वापरायचा, मग सोडून द्यायचा आणि सरळ 'दोन्ही बाजूंत ३ मिळवले' असं वाक्य लिहायला लावायचं. प्रत्येक ओळीखाली. कंटाळतात पोरं, कंटाळू देत.

कोल्हापुरी_मिसळ

सुलभाताई आदर आहे, पण आपण सगळे याच पलीकडे नेण्यावर वाढलो आणि इंजिनिअर झालो की. परीक्षेत वेळ कुठे असतो दोन्ही बाजूंत मिळवले वगैरे लिहायला. इथल्या शाळेत तर एका गणिताला अर्धं पान, चित्रं काढा, 'तुझा विचार समजावून सांग', माझ्या पोराला उत्तर पाच सेकंदात येतं आणि समजावून न लिहिल्याबद्दल मार्क जातात. हा काय न्याय आहे.

सुलभाताई

न्याय नाही हे मान्य, पाच सेकंदांत बरोबर येत असेल तर मार्क कापू नयेत. पण पलीकडे नेणं हा शॉर्टकट आहे, आणि शॉर्टकट ज्याला मूळ रस्ता ठाऊक आहे त्यालाच द्यायचा. तुम्ही इंजिनिअर झालात, तुमच्या वर्गातले ४० जण कुठे आहेत ते मला माहीत आहे, ते माझ्याकडे रिपीटर म्हणून यायचे. पोराला ५ − एक्स = २ दे आणि काय करतो ते बघ. मग −एक्स = −३ ला काय करतो ते बघ.

कोल्हापुरी_मिसळ

दिलं. एक्स बरोबर −३ आलं 😀 काही बोलत नाही आता.

दोनसमोसे

सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, त्यामुळे या विषयावर आमच्या गावात दहा वर्षं जे रामायण झालं ते थोडक्यात, कारण बे एरियातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपची घबराट तिथूनच येते.

कॅलिफोर्नियाने १९९७ च्या स्टँडर्ड्समध्ये आठवीतच अल्जेब्रा असं धोरण धरलं होतं. जवळजवळ सगळ्यांना आठवीत घालायची ओढ लागली, आणि त्यातली बरीच मुलं नववीत पुन्हा अल्जेब्राच करताना दिसली. कॉमन कोअर आल्यावर लंबक दुसरीकडे गेला. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को युनिफाइडने (आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट) आठवीतला अल्जेब्राच बंद केला, सगळ्यांनी नववीत करायचा. हेतू चांगला होता, लहानपणीच मुलांची वर्गवारी होऊ नये, कारण वरच्या ट्रॅकवर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं फार कमी दिसायची. पण मग ज्याला बारावीत कॅल्क्युलस हवं त्याने एका वर्षात दोन कोर्स घ्या, नाहीतर कुठेतरी कॉम्प्रेस्ड कोर्स करा, नाहीतर पैसे भरून बाहेर अल्जेब्रा करून या. पैसेवाले बाहेर गेले, म्हणजे ज्यांच्यासाठी केलं तेच अडकले असं बऱ्याच पालकांचं म्हणणं. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डाने परत आणायचं ठरवलं, आणि मार्चमध्ये प्रपोझिशन जी मतदानाला होतं, ते नुसतं मत नोंदवणारं होतं, बंधनकारक नाही, पण ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी आठवीत अल्जेब्रा हवा म्हणून मत दिलं. या गावात ८० टक्के लोक हवामानावरसुद्धा एकमत होत नाहीत.

आणि अल्जेब्राला इतकं महत्त्व का, तर इकडे तो एक दरवाजा समजला जातो. रॉबर्ट मोझेस म्हणून सिव्हिल राइट्स चळवळीतला कार्यकर्ता, १९६४ मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी राबलेला. मुलीच्या शाळेत आठवीला अल्जेब्राच नाही म्हणून तो स्वतः शिकवायला गेला, त्यातून १९८२ ला अल्जेब्रा प्रोजेक्ट सुरू झाला. त्याचं म्हणणं, मताचा हक्क होता तसाच हा हक्क. मुलांना बॉस्टनच्या रेड लाइनवर रेल्वेने फिरवून आणायचा, मग स्टेशनांची रेघ आखायची, पार्क स्ट्रीटला शून्य धरलं तर इकडे किती स्टेशनं, तिकडे किती, त्यातून धन आणि ऋण. मला हे फार आवडतं, मुंबईकरांना दादर शून्य धरून लगेच करता येईल.

कॉलेजबद्दल एक माहिती, रानजाईंच्या ग्रुपसाठी. यूसी ला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) गणिताची ३ वर्षं लागतात, ४ रेकमेंडेड. मिडल स्कूलमध्ये केलेला अल्जेब्रा १ सी किंवा वरच्या ग्रेडने पास असेल तर त्यात धरला जातो. पण यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) नववीनंतरच्या समरपासून अकरावीनंतरच्या समरपर्यंतच्याच ग्रेड मोजतात. म्हणजे आठवीत बी आला तर आभाळ कोसळत नाही.

बारामतीकर

इथे टेक्सासात जरा वेगळं बरं का, आठवीतल्या अल्जेब्रा १ ला हायस्कूलचं क्रेडिट मिळतं आणि त्याची स्टार एंड ऑफ कोर्स परीक्षा ग्रॅज्युएशनला लागते. जीपीएत धरायचं की नाही हे डिस्ट्रिक्टवर. आमच्याकडे धरतात. त्यामुळे बघून घ्या हे सगळ्यांना सांगेन.

नीलमोहर

लंडनहून. वाचून चक्रावले. इथे अल्जेब्रा नावाचा वेगळा कोर्सच नाही. सातवीपासून दरवर्षी थोडं अल्जेब्रा, थोडी भूमिती, थोडी आकडेवारी, असं जीसीएसईपर्यंत (सोळाव्या वर्षीची परीक्षा) चालतं. सेट (कुवतीनुसार वर्ग) असतात वरखाली पण हा तुमचा एकदा दार बंद झालं की झालं असा प्रकार नाही. आपल्याकडे बालभारतीतही असंच, सहावीतच सोपी समीकरणं येतात आणि नववीत पेपर वेगळा होईपर्यंत सगळं एकत्रच. अमेरिकेने अल्जेब्रा, मग एक वर्ष भूमिती, मग परत अल्जेब्रा असे थर का लावलेत देव जाणे.

आर्यभट_फॅन

आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणित लिहिलं तेव्हा अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे, आणि एकाहून जास्त अज्ञात असले की काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे. आणि आज आपण अमेरिकेच्या प्लेसमेंट टेस्टला घाबरतोय.

टवाळ

विषयांतर. पण रंगांची आयडिया झकास आहे, आमच्या पोरीला एक्सचा राग येतो, तिला पीतक देऊन बघतो.

गुलबक्षी

परत आले. नीलमोहर, थरांचा इतिहास लांबलचक आहे, वेगळा धागा काढा. काही ठिकाणी इंटिग्रेटेड मॅथ १, २, ३ असं तुमच्यासारखं एकत्रही असतं, पालकांनाच ते बऱ्याचदा नको असतं.

राहिलेलं सांगते. तिसरी गोष्ट ऋण संख्या, आणि ही कॉम्पॅक्टेड कोर्समध्ये खास सांभाळायची. कॉमन कोअरमध्ये सहावीत ऋण संख्यांची नुसती ओळख, संख्यारेषा, तापमान, समुद्रसपाटी वगैरे. बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार सातवीत. कॉम्पॅक्टेडमध्ये ओळख आणि क्रिया दोन्ही घाईघाईत होऊन जातात. पुढे माझ्या वर्गात अल्जेब्रातल्या निम्म्या चुका अल्जेब्राच्या नसतातच. मूल ३ − (एक्स − ४) लिहितं आणि पुढच्या ओळीत ३ − एक्स − ४. कंसाबाहेरचं उणे आतल्या प्रत्येकाला लागतं हे ठाऊक असतं, हात विसरतो. हाताला ती सवय सातवीतच लागायला हवी आणि तिला वेळ लागतो, उन्हाळ्याच्या कॅम्पात पंधरा दिवसांत येत नाही.

चौथी गोष्ट गुणोत्तर-प्रमाण. इथे आपली एकमान पद्धत सोनं आहे, ४ पेनांना ७ डॉलर तर एका पेनाला किती, मग १० ला किती. त्रैराशिकाच्या तिरक्या गुणाकाराची घाई नको. कारण एकाला किती, हेच पुढे स्लोप होऊन येतं. एका तासाला किती मैल हे ज्याला सहज सांगता येतं त्याला रेषेच्या समीकरणातला, वाय = एमएक्स + बी मधला एम शिकवावा लागत नाही.

आणि अक्षरं. मुलांना (आणि सॉरी, बऱ्याच आईबाबांना) शिकवलेलं असतं की ३ए + २बी म्हणजे तीन आंबे आणि दोन बटाटे. हे सोडा. आंब्याला ए म्हटलं की लेकरू पुढे ठेच खाणार. एका शिक्षकामागे ६ मुलं आहेत हे समीकरणात लिही म्हटलं की जवळजवळ पूर्ण वर्ग ६मु = शि लिहितो, सहा मुलं बरोबर एक शिक्षक, वाक्य जसंच्या तसं. पण मु ही मुलांची संख्या असेल तर मु = ६शि. आकडे घालून बघा, १० शिक्षक, ६० मुलं, पहिल्यात काय होतं. ए म्हणजे आंबा नसतो, एका आंब्याची किंमत असते किंवा आंब्यांची संख्या असते, काय ते प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं.

रानजाई, टेस्टबद्दल माझं मत, द्यायला लावा. तयारी करून घेऊ नका. ही टेस्ट क्लास लावून, जुने प्रश्न घोकून पार केली तर जी पोकळी आहे ती टेस्टला दिसत नाही, आणि ऑक्टोबरात वर्गात दिसते. न घोकता ती सहज बसली तर घ्या, मुळीच घाबरू नका. काठावर आली तर मी साधं मॅथ ६ घेईन आणि डिस्ट्रिक्टला लेखी विचारीन की सातवीच्या आधी पुन्हा आत यायची वाट आहे का.

बारामतीकर

इथे माझं पटत नाही. काठावरची मुलं साध्या वर्गात गेली की खूप वेळा तिथेच राहतात, कारण वर्गाचा वेगच तो. आमचा धाकटा कंटाळून उपद्व्याप करायचा, शिक्षिकेने ॲडव्हान्स्डला पाठवलं तेव्हा शांत झाला. सगळ्याच मुलांना पाया पाया करून थांबवू नका. आणि लेखी विचारा वगैरे ठीक आहे, पण ज्या आईला इंग्लिशमध्ये ईमेल लिहायची भीती वाटते तिने काय करायचं?

गुलबक्षी

बारामतीकर, कंटाळलेल्या मुलाबद्दल शंभर टक्के सहमत, त्याला थांबवणं पाप आहे. माझा मुद्दा ८ + ४ = १२ लिहिणाऱ्या मुलांपुरता. आणि ईमेलचं बरोबर आहे, म्हणूनच मला तुमचा तो टेक्सासचा कायदा आवडतो, कुणी मागे लागायची गरज नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. अपडेट देते. टेस्ट देणार आहे, क्लास लावत नाही. नवऱ्याने समीकरणं बंद केली (सुलभाताई, तुमची पोस्ट त्याला वाचून दाखवली, 'माझे सर पण असंच शिकवायचे' म्हणून तोंड पाडून बसला). आता रविवारी अपूर्णांकच, तेही पीठ नि कप घेऊन. पिठाच्या प्रश्नाला 'दोन तृतीयांश कप' म्हणाली, ताई, तुम्ही म्हणाला होता तस्संच.

एकच विचारायचंय. साधं मॅथ ६ मिळालं तर नववीनंतरच्या उन्हाळ्यात भूमिती करून पुढे जाता येतं असं एक मैत्रीण म्हणाली. ते करावं का?

दोनसमोसे

येतं. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये चालतं, काही ठिकाणी बाहेरचा कोर्स घेण्याआधी परवानगी लागते, ती आधी घ्या, नंतर मान्य केला नाही म्हणून भांडत बसू नका. सहा आठवड्यांत वर्षभराची भूमिती म्हणजे रोजचे चार-पाच तास जातात, सिद्धता वगैरे उरकल्या जातात. माझ्या मते सुटीत भूमिती करण्यापेक्षा अल्जेब्रा २ आणि भूमिती दहावीत बरोबरीने घेणं बरं, शाळा देत असेल तर.

कोथिंबीर_जुडी

धागा हायजॅक करतेय, माफी. मुलगा आत्ता आठवीत अल्जेब्रा १ ला आहे, पहिल्या सेमिस्टरला सी मायनस. काउन्सेलर म्हणतेय नववीत पुन्हा अल्जेब्रा १ घ्या, तो म्हणतो मित्र सगळे जॉमेट्रीला जाणार, मी नाही थांबणार. काय करू?

गुलबक्षी

कोथिंबीर, ग्रेडवरून ठरवू नका, चुकांवरून ठरवा. त्याच्या मागच्या टेस्टचे पेपर काढा आणि प्रत्येक चुकीशेजारी लिहा की ती उण्याची, अपूर्णांकाची की खरोखर नवीन भागाची, म्हणजे दोन समीकरणांची जोडी, असमानता, ग्राफ वगैरे. चुका उण्याच्या आणि अपूर्णांकाच्या असतील तर अख्खं वर्ष रिपीट करून ते आपोआप सुधारत नाही, तो तोच कोर्स परत ऐकेल आणि त्याच जागी परत घसरेल. ते उन्हाळ्यात रोज थोडं थोडं करून निस्तरता येतं. नवीन भागच कळला नसेल तर काउन्सेलरचं ऐका.

एक लक्षात असू द्या, जॉमेट्रीच्या वर्षात अल्जेब्राचा वापर तुलनेने कमी असतो, त्यामुळे नववीत सगळं आलबेल दिसेल आणि दहावीत अल्जेब्रा २ आलं की पहिल्याच महिन्यात दणका. म्हणून पुढे जायचं ठरलं तर मे मध्ये सुटका झाली असं समजू नका, दुसऱ्या सेमिस्टरमधलं फॅक्टरिंग (अवयव पाडणं) आणि क्वाड्रॅटिक (वर्गसमीकरणं) पक्कं करून घ्या. कोर्स सिलेक्शनचा फॉर्म कधी भरायचाय? त्याच्या आधी पेपरांतल्या चुकांची यादी इथे टाकलीत तर मी बघून सांगते.

कोथिंबीर_जुडी

फॉर्म शुक्रवारी आहे. आज रात्री पेपर शोधते, दप्तराच्या तळाशी चोळामोळा होऊन पडले असतील. टाकते उद्या.